पावती होती, पुरावा नव्हता : उत्तर नागपुरातल्या एका मुलीच्या प्रवेशाचं प्रकरण

या प्रकरणातल्या मुलीला मी सुजाता म्हणतो. नाव खरं नाही. तिच्या आजोबांच्या गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम टाळलं आहे, आणखी दोन-तीन तपशील बदलले आहेत. बाकी घडलं ते असंच. लिहायला घरच्यांची परवानगी आहे. सुजाताच्या आईची एक अट होती : "आमची दया येईल असं नोका लिहू." ती पाळायचा प्रयत्न केला आहे.

## पार्श्वभूमी

वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी एका बुद्धविहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसतो. दोन खोल्या, चाळीसेक खुर्च्या, एक कूलर. मुलं रात्री अकरापर्यंत वाचतात. माझं काम शिकवण्याचं कमी आणि फॉर्म भरून देण्याचं जास्त.

सुजाता २०२० मध्ये दहावी झाली, ८१ टक्के. शासकीय तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलच्या पदविकेला नंबर लागला. पहिलं वर्ष कोरोनामुळे घरूनच. घरात स्मार्टफोन एक, शिकणारी दोन. दिवसा तो फोन लहान भावाकडे असायचा आणि ही रात्री दहानंतर दिवसभराच्या तासांची रेकॉर्डिंग बघायची. पुढची दोन वर्षं नियमित गेली. २०२३ च्या उन्हाळ्यात ७८ टक्क्यांनी पदविका मिळाली.

वडील कळमन्याच्या बाजारात हमाल. आई जरीपटक्यात तीन घरी स्वयंपाक करते. आजोबा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार म्हणून आले आणि पुढे कायम झाले. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली ती गिरणी गेली, तिच्या जागेवर आता मॉल आहे. आजोबा २०११ मध्ये वारले. आजी आहे. या प्रकरणात ती सगळ्यात शेवटी बोलली, आणि सगळ्यात आधी तिलाच विचारायला हवं होतं.

एप्रिल २०२३ मध्ये, ऐन मिरचीच्या हंगामात, पोतं उचलताना वडिलांच्या कमरेत भरलं. मेयो रुग्णालयात दाखवलं. मणक्याची गादी सरकली होती. तीन महिने वजन उचलायचं नाही, असं सांगण्यात आलं. हमालाला वजन उचलू नको म्हटल्यावर कमाई कुठून येणार? आईनं गटातून चाळीस हजारांचं कर्ज काढलं. आठवड्याची किस्त सुरू झाली.

## प्रश्न नेमका काय होता

पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. सुजाताला तोच हवा होता. गुण पुरेसे होते. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत होतं, त्यामुळे भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून फी सुटणार होती. संधी समोर होती, मेहनत करून झाली होती.

अडलं ते जात वैधता प्रमाणपत्रापाशी. वस्तीत याला नुसतं 'व्हॅलिडिटी' म्हणतात. तिच्याकडे जातीचा दाखला होता. आठवीत असताना शाळेतल्या शिबिरात काढलेला. पदविकेच्या वेळी तेवढ्यावर भागलं, म्हणून सगळं झालं असं घरच्यांना वाटलं. पदवीच्या राखीव जागेसाठी मात्र त्या दाखल्याची जिल्हा पडताळणी समितीकडून तपासणी झालेली लागते. दाखला आणि व्हॅलिडिटी हे दोन वेगळे कागद आहेत, ही गोष्ट मी दर वर्षी किमान वीस घरांत समजावून सांगतो. या घरात सांगायची राहून गेली. तीन वर्षं मुलगी माझ्या डोळ्यांसमोर बसून अभ्यास करत होती.

पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. वडील, आजोबा, पणजोबा यांपैकी कोणाच्या तरी नावाची, जातीची आणि राहण्याच्या जागेची नोंद. (विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७.) वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाकडे आधीच व्हॅलिडिटी असली तर काम फार सोपं होतं. इथे कोणाकडेच नव्हती. या घरातून पदवीपर्यंत पोचणारी ही पहिलीच.

त्यात आणखी एक गाठ. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'बौद्ध' लिहिलेलं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर शाळेत गेलेल्या हजारो मुलांच्या दाखल्यांवर असंच आहे, आणि ते आईबापांनी अभिमानानं लिहवून घेतलेलं आहे. महाराष्ट्र सरकारनं बौद्धांना सवलती आधीपासून दिल्या. केंद्राच्या पातळीवर १९९० मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. पण पडताळणीत धर्मांतरापूर्वीची जात कोणती, हे कागदावर दाखवावंच लागतं. वडिलांच्या दाखल्यावर ती नव्हती.

## समोरचे पर्याय

जुलै २०२३ मध्ये आम्ही अभ्यासिकेत बसून चार वाटा काढल्या. सुजाता, तिची आई, मी. वडील कमरेला पट्टा बांधून भिंतीला टेकून उभे होते. बसता येत नव्हतं.

पहिली वाट : पडताळणीचा अर्ज लगेच टाकायचा, त्याची पावती जोडून राखीव जागेवर तात्पुरता प्रवेश घ्यायचा आणि मुदतीच्या आत व्हॅलिडिटी सादर करायची. नियमात हे बसतं. जोखीम अशी की मुदतीत कागद आला नाही तर उमेदवार खुल्या गटात धरला जातो. मग जागा टिकेल याची खात्री नाही आणि टिकली तर पूर्ण फी.

दुसरी : एक वर्ष शिकाऊ उमेदवारी करायची, तेवढ्यात पुरावा शोधायचा आणि पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा. पदविकाधारकाला तेव्हा महिन्याला किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरलेलं होतं.

तिसरी : हिंगण्याच्या एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात कंत्राटी नोकरी. अकरा हजार, ओव्हरटाइम वेगळा. भावाच्या मित्राच्या ओळखीनं ही जागा हातात होती.

चौथी वाट कोणी तोंडानं बोललं नाही. मावशीनं एक स्थळ आणलं होतं. आईनं परस्पर नाही सांगितल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं.

आई तिसऱ्या पर्यायाकडे झुकली होती, आणि तिचं चुकत नव्हतं. दर मंगळवारी किस्त दारात उभी. अकरा हजार आणि आठ हजार यांतला तीन हजारांचा फरक अभ्यासिकेतल्या कूलरखाली बसून लहान वाटतो, तिच्या घरात तो महिन्याच्या किराण्याएवढा होता. सुजाता म्हणाली, "सर, एक वर्ष गेलं तं मी परत अभ्यासाकडे येईन का? माझ्या किती मैत्रिणी 'एकच वर्ष' म्हणून कामाले लागल्या. कोणी आली का परत?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी पहिली वाट सुचवली.

## पहिला निर्णय आणि तो कसा फसला

माझं गणित साधं होतं. पावती आठवड्यात मिळेल. प्रवेशाच्या फेऱ्या आणि मुदत धरून दोन-तीन महिने हातात राहतील. तेवढ्यात काही ना काही पुरावा मिळेलच. शिवाय मुदत वाढते अशी चर्चा दर वर्षीच असते, आणि तिच्यावर विसंबायची आम्हाला सवय झालेली आहे.

म्हणून अर्ज घाईत टाकला. वडिलांचा दाखला, सुजाताचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. १९५० पूर्वीचं काहीच नाही. 'नंतर जोडू' म्हणून पुढे सरकलो. पावती मिळाली आणि घरात पेढे आले. मीही एक खाल्ला.

सप्टेंबरमध्ये शहरातल्या एका खासगी महाविद्यालयात तात्पुरता प्रवेश झाला. त्याच आठवड्यात समितीकडून त्रुटीचं पत्र आलं : मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, पुरावा नाही, मूळ जातीची नोंद नाही. पत्र वाचून वडील म्हणाले, "सर, पोट्टीनं मेहनतीत कुठं कमी केलं, तेवढं सांगा." मी काय सांगणार? तिनं कुठेच कमी केलं नव्हतं. समितीचा आक्षेपही बरोबर होता. मुदत कितीही वाढली असती तरी आमचा अर्ज अपुराच राहिला असता. चूक माझ्या घाईची होती.

आता दुसरा निर्णय लगेच घ्यायचा होता. पर्याय दोनच. जागा धरून ठेवायची आणि पुरावा वेळेत मिळेल अशी आशा करायची, किंवा ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द करायचा. वेळेत रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी पैसे परत मिळतात आणि मूळ कागदपत्रंही हातात येतात. तारीख उलटली की दोन्ही अडकतात. त्या दिवशी आमच्याकडे पुराव्याचा एक धागासुद्धा नव्हता.

मी रद्द करायला सांगितलं. सुजाता दोन दिवस अभ्यासिकेत आली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच महाविद्यालयात जाऊन प्रवेश रद्द करून आली आणि मला फक्त पावती दाखवली. जरा कडवटपणेच. या वेळी पावती खरी कामाची होती.

या निर्णयावर माझं मत आजही तेच आहे. पहिला निर्णय चुकला, हा बरोबर ठरला. पण चुकीच्या निर्णयाची उस्तवार करणाऱ्या बरोबर निर्णयाचं कौतुक किती करायचं, हा प्रश्न आहेच.

## बुटीबोरीचं वर्ष

ऑक्टोबरपासून बुटीबोरीच्या एका कंपनीत शिकाऊ उमेदवारी सुरू झाली. विद्यावेतन साडेनऊ हजार, दुपारचं जेवण कँटीनमध्ये. इंदोरा चौकातून सकाळी सहाच्या सुमाराची मेट्रो, खापरीला उतरून कंपनीची बस. कामठी रोडवरची मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली नसती, तर ही नोकरी तिला घेताच आली नसती. पहाटे वस्तीतून सीताबर्डी, तिथून बुटीबोरी, दोन बदल्या आणि संध्याकाळी परत, असं एकट्या मुलीला कोणी रोज पाठवलं नसतं. संधी म्हणताना आपण कॉलेज आणि नोकऱ्या मोजतो. घरापासून चालत दहा मिनिटांवर असलेलं स्टेशन मोजत नाही.

त्या वर्षी ती बरंच शिकली. पॅनलमधली वायरिंग, मोटर कंट्रोल सेंटर, बंद पडलेली लाइन किती मिनिटांत सुरू करायची त्याचा दबाव. मेंटेनन्सला ती एकटीच मुलगी. पहिले दोन महिने तिला रजिस्टर लिहायला बसवलं. मग एका रात्रपाळीचा माणूस आला नाही म्हणून टूलबॉक्स हातात आला, आणि तो पुन्हा तिनं खाली ठेवला नाही.

वडील जानेवारीत पुन्हा कळमन्याला जाऊ लागले. हमालीला नाही. एका अडत्याच्या गोदामावर राखणदार म्हणून. पैसे निम्मे.

## पुराव्याचा शोध

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण खरं प्रकरण इथेच आहे.

विदर्भात जुना पुरावा म्हटलं की पहिलं नाव येतं कोतवाल बुकाचं. नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं त्या काळात गावचा कोतवाल जन्ममृत्यूच्या नोंदी द्यायचा. अनेक गावांत कोतवाल याच समाजातला असे. त्या जुन्या वह्यांची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. मीही सवयीनं तिकडेच गेलो. सुजाताला रविवारशिवाय सुटी नाही आणि रविवारी कचेरी बंद, म्हणून नोव्हेंबरमध्ये तिचा भाऊ आणि मी चार खेपा केल्या.

चौथ्या खेपेला नोंद सापडली. १९३८ सालची. बापाचं नाव, जात, आणि पुढे नुसतं 'मुलगा'. मुलाचं नावच नाही! कोतवाल बुकात हे नेहमीचं आहे. जन्म झाला की लगेच नोंद, बारसं नंतर. त्या माणसाला तीन मुलगे झाले होते. यातला आजोबा कोणता, हे त्या ओळीवरून कोणी सांगू शकत नव्हतं. शिवाय नोंदीत बापाचं नाव 'डोमा', आणि आम्ही प्रतिज्ञापत्रात लिहून दिलेलं 'डोमाजी'. नक्कल घेऊन आलो, पण एवढ्यावर अर्ज उभा राहणार नाही हे मला दिसत होतं.

त्या संध्याकाळी मी नक्कल दाखवायला त्यांच्या घरी गेलो. आजी चुलीपाशी बसली होती. गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते. मी जातीचा शब्द मोठ्यानं वाचला आणि तिनं मान वर केली.

"ज्या नावाले तुया आजा दीक्षाभूमीवर सोडून आला, तेच तुम्ही आता सरकारी कागदात धुंडून राहिले?"

हे ती नातीला म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. १९५६ मध्ये ती तेरा वर्षांची होती. आईबापासोबत गावातून चालत आली होती. पांढरं लुगडं घरात एकच होतं, ते आईनं नेसलं, हिनं फ्रॉकच धुऊन घातला. हे सगळं तिनं त्या रात्री सांगितलं. मधून मधून भाकरी उलटत होती.

मला काही बोलणं सुचेना. नियम का असा आहे, १९५० ची तारीख कुठून आली, हे मी शंभर वेळा समजावलेलं आहे. तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. सुजाताच तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "आजी, आजोबांनी नाव सोडलं, पण त्या नावानं जे हिरावलं होतं ते परत भेटलं का? तेच मागायले जाऊन राहिली मी."

आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या वह्यात कायले पाहता? तो शाळेत गेला होता ना. चौथी शिकला होता."

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. मुलाला, म्हणजे सुजाताच्या वडिलांना, हे माहीत नव्हतं. आजोबा सही करायचे, पेपर वाचायचे, हे माहीत होतं. पण ते मिलमधल्या रात्रीच्या वर्गात शिकले असावेत असा सगळ्यांचा समज. आजी म्हणाली, गावात शाळा नव्हती, दोन कोसांवरच्या गावात होती. मास्तर बाहेर ओट्यावर बसवायचा. ओट्यावर बसवायचा म्हणूनच आजोबा शाळेचा विषय कधी काढत नसत.

त्या शेजारगावात आज जिल्हा परिषदेची शाळा आहे. मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. पानं चहाच्या रंगाची झालेली. १९४५ सालच्या पानावर नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, जात, राहण्याचं गाव, सगळं एका ओळीत होतं. जात मूळची. साल १९५० च्या पाच वर्षं आधीचं. बाईंनी रजिस्टरचा उतारा साक्षांकित करून दिला. खर्च आला तो बसच्या तिकिटाचा.

चार खेपा तहसीलच्या, एक खेप शाळेची. उलट क्रमानं गेलो असतो तर?

डिसेंबर २०२३ मध्ये शाळेचा उतारा मुख्य पुरावा म्हणून आणि कोतवाल बुकाची नक्कल जोडपुरावा म्हणून सादर केली. 'डोमा' आणि 'डोमाजी' एकच असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र जोडलं. समितीच्या दक्षता पथकाचे दोघे घरी येऊन वंशावळ, नातेवाईक, मूळ गाव विचारून गेले. त्यांच्याशी मुख्यतः आजीच बोलली. मार्च २०२४ मध्ये व्हॅलिडिटी हातात आली. आजीनं प्रमाणपत्र बघितलं आणि विचारलं, "आता हे जपून ठेवा लागन का?" सुजातानं दहा झेरॉक्स काढल्या.

## निष्पत्ती

ऑगस्ट २०२४ मध्ये दुसऱ्या पसंतीच्या महाविद्यालयात इलेक्ट्रिकलला जागा मिळाली. इथे तिसरा निर्णय होता. शिकाऊ उमेदवारीचं वर्ष ऑक्टोबरमध्ये पूर्ण होणार होतं. दोन महिने आधी सोडलं तर शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र जाणार. थांबलं तर वर्ग बुडणार. कंपनीनं समजुतीनं सोडलं, कागद मात्र मिळाला नाही. तिनं वर्ग निवडले. मीही तेच सांगितलं असतं. पण प्रवेशाआधी सुटेल अशा बेतानं करार केला असता, तर ही निवडच करावी लागली नसती.

पहिल्या सत्रात गणितात नापास झाली. पदविकेतून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची ही ठरलेली ठेच आहे. बारावीवाल्यांचं कॅल्क्युलस पक्कं असतं, यांचा त्या गणिताशी संबंध सुटलेला असतो. पुढच्या उन्हाळ्यात विषय सुटला. नापास झाल्याचं तिनं घरी सांगितलं नाही, मला सांगितलं, आणि मीही घरी सांगितलं नाही. हे बरोबर केलं का, माहीत नाही.

मार्च २०२५ मध्ये एक प्रसंग आला, तो सांगायलाच हवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. त्यातली फी विद्यार्थ्यानं महाविद्यालयात भरायची असते. त्या दिवशी आईच्या मोबाइलवर मेसेज आला, कारण खात्याला नंबर आईचा जोडलेला. एवढी रक्कम त्या घरात एकदम कधी आली नव्हती. वडिलांच्या औषधांची उधारी, गटाच्या तीन थकलेल्या किस्ती. आईनं त्यातले चौदा हजार वापरले. तिला वाटलं ही मुलीला मिळालेली बक्षिसाची रक्कम आहे.

महाविद्यालयानं फीची मागणी केली तेव्हा हे उघड झालं. सुजाता चिडली, आई रडली, दोन दिवस घरात बोलणं बंद. मग आईनं उन्हाळी कामं धरली. कुरड्या, पापड, सरगुंडे, ओळखीच्या घरांच्या ऑर्डरी. भावानं संध्याकाळी पार्सल पोचवायचं काम घेतलं. प्राचार्यांना भेटून दोन हप्त्यांची परवानगी काढली. जूनअखेर पैसे भरून झाले. आईला दोष देणाऱ्यांना मी एवढंच विचारतो : ही रक्कम कशाची आहे, हे तिला मेसेज येण्याआधी कोणी सांगितलं होतं? मी सांगितलं नव्हतं.

आज सुजाता तिसऱ्या वर्षात आहे. भावाची व्हॅलिडिटी बहिणीच्या प्रमाणपत्राच्या आधारावर महिन्याभरात झाली आणि २०२५ मध्ये तो बी. फार्मला लागला. काकाच्या दोन मुलांचे अर्ज त्याच आधारावर गेले आहेत. एका घरानं आठ महिने झिजून मिळवलेला कागद आता चार मुलांना पुरतो आहे. गटाचं कर्ज फिटलं, नवं काढलं. वडिलांची कंबर पूर्वीसारखी होणार नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक वेळेची. व्हॅलिडिटीचं काम दहावीच्या सुटीत सुरू करायला हवं होतं. पदविकेची तीन वर्षं हातात होती. आता आम्ही अभ्यासिकेत नाव नोंदवतानाच विचारतो : दाखला आहे का, व्हॅलिडिटी आहे का, वडिलांकडच्या नात्यात कोणाकडे आहे का? 'नाही' म्हणणाऱ्याचं नाव वेगळ्या वहीत.

दुसरं, अर्ज अपुरा असेल तर पावतीसाठी म्हणून टाकायचा नाही. पावतीनं आम्हाला दोन महिने खोटा धीर दिला. त्या दोन महिन्यांत शोध थांबलाच होता. ज्या घरात १९५० पूर्वीचा पुरावा आधीच हातात आहे, त्यांच्यासाठी पावतीवर प्रवेश ठीक. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी ती जुगाराची चिठ्ठी आहे.

तिसरं, शोध घरातून सुरू करायचा. कोण शाळेत गेलं होतं, कोणत्या गावात, किती वर्षं? आम्ही कचेरीतून घराकडे आलो. आणि आजीशी बोलताना नियमाची भाषा आधी नको. हा शोध तिला कुठे दुखवतो ते ऐकून घ्यायला हवं होतं. ते ऐकलं नसतं तर शाळेची गोष्ट बाहेर आलीच नसती.

शिष्यवृत्तीबद्दल : पैसे खात्यात येण्याआधी आईवडिलांना बसवून रक्कम कशाची, कोणाला द्यायची, कधीपर्यंत, हे सांगायचं. खात्याला विद्यार्थ्याचाच मोबाइल नंबर जोडायचा. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे.

एका मुद्द्यावर सुजाताचं आणि माझं अजून जमत नाही. मी २०२३-२४ हे वर्ष 'गेलेलं' धरतो. माझ्या घाईमुळे गेलेलं. ती म्हणते, बुटीबोरीला गेली नसती तर मोटर कंट्रोल सेंटर फळ्यावरच पाहिलं असतं. मागच्या महिन्यात कॅम्पस मुलाखतींसाठी बायोडेटा बनवताना त्या वर्षापुढे काय लिहायचं यावर आमची पुन्हा हुज्जत झाली. मी 'शैक्षणिक खंड' लिहा म्हणालो, कागद तसंच सांगतो. तिनं ते खोडून 'शिकाऊ उमेदवार, मेंटेनन्स, दहा महिने' असं लिहिलं. प्रमाणपत्र विचारलं तर काय सांगशील, असं मी विचारलं. "फोन लावा म्हणीन सुपरवायझरले," ती म्हणाली आणि त्यांचा नंबर खाली लिहून टाकला.